पिकअपचं नाक वर करायचंय? वरचा स्पेसर, आतला स्पेसर की नवीन शॉकअप

पिकअप घेतली की थोड्याच दिवसांत हे डोक्यात येतं, गाडी मागून वर आणि पुढून नाक खाली घातलेली, बाजूने फोटो काढला की तर जास्तच दिसतं. मागे माल भरल्यावर सपाट बसावी म्हणून कंपनी तशी देते हे माहितीच आहे सगळ्यांना, पण वर्षातले बहुतेक दिवस मागे काहीच नसतं ना. माझी गाडी या नादात दोनदा खोलून झालीय, आणि तिसरा पर्याय मित्राच्या गाडीत बसून बघितलाय, तेवढ्यावरच बोलतोय. आणि हे पुढे कॉइलओव्हर (शॉकअपभोवतीच स्प्रिंग) असलेल्या गाड्यांचं आहे, टॉर्शन बारवाल्यांचं (स्प्रिंगऐवजी पिळणारा दांडा) गणित वेगळं.

आधी मी आतला स्पेसर घेतला, म्हणजे स्प्रिंगच्या वर बसतो आणि स्प्रिंग दाबून ठेवतो तो जाड तुकडा. कागदावर हाच शहाणपणाचा वाटतो, कारण शॉकअपची लांबी बदलत नाही, मग चाक पूर्ण लटकलं तरी बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) आणि एक्सल मूळच्या कोनापेक्षा पुढे जात नाहीत. मी पण हेच वाचून भुललो. अडीच इंच उचलली, दिसायला एक नंबर.

मग सुरू झालं ते टक्. स्पीडब्रेकर चढताना काही नाही, उतरताना चाक खाली गेलं की टक्. आधी वाटलं बॉल जॉइंट गेला, मग स्टॅबिलायझरची लिंक उगाच बदलून झाली, आवाज तिथेच. शेवटी जॅकवर घेऊन बघितलं तेव्हा कळलं की गाडी नुसती उभी असतानाच शॉकअप बराचसा उघडलेला असतो, चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, म्हणून तो आत टोकाला जाऊन आपटतो. मोडलेलं काहीच नव्हतं, मी उंची जास्त मागितली होती एवढंच. मागे बसलेला माझा मुलगा तर ब्रेकर लांबून दिसला की आधीच "टक्" म्हणायचा, तेव्हा ठरवलं की हे काढायचं.

मित्राने खाचा असलेले शॉकअप टाकलेत, बिल्स्टीन 5100 हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगची बैठक अडवणारी कडी, वरच्या खाचेत सरकवली की स्प्रिंगची बैठक वर जाते. खरं सांगू, चालवायला तिघांत हीच गाडी सगळ्यात घट्ट आणि छान वाटली, पण त्यात नवीन शॉकअपचा वाटा किती आणि उंचीचा किती हे मला नाही सांगता येणार. तत्त्व मात्र आतल्या स्पेसरचंच, अगदी वरच्या खाचेत बसवलं तर खाली जायची जागा इथेही घटते. तो मधल्या खाचेवर खूश आहे. तुमचे मूळ शॉकअप थकले असतील तर माझ्या मते सरळ हेच घ्या, खोलायची मजुरी तशीही द्यावीच लागणार.

माझे शॉकअप धडधाकट होते, म्हणून दुसऱ्यांदा वरचा स्पेसर घातला, शॉकअपच्या डोक्यावर बोल्टने बसतो तो. स्प्रिंगला हातच लागत नाही, स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरची भानगड नाही, आणि चालायला गाडी होती तशीच राहते. (दोन इंचाच्या किटमधून जेमतेम इंचभर जाडीचा तुकडा निघाला तर फसवलं म्हणून ओरडू नका, शॉकअप खालच्या आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, मध्ये कुठेतरी बसतो त्यामुळे चाकाशी साधारण दुप्पट उचल मिळते.) यावेळी दीड इंचावरच थांबलो. टक् गेलं.

याचीही खोड आहे, नाही असं नाही. चाक आता मूळपेक्षा खाली लटकू शकतं, मग वरचा आर्म स्प्रिंगला घासू शकतो. बसवल्यावर चाक लटकत ठेवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा आणि आर्म आणि स्प्रिंगच्या मधे बोट घालून बघा. माझं बोट आरामात जातं. अडीच इंचाला जाईल असं मी छातीठोकपणे नाही सांगणार, आणि खड्ड्याडोंगरात चाकं लटकवत फिरणाऱ्याने तर वेगळे अप्पर आर्म किंवा मित्रासारखे शॉकअप बघावेत.

काहीही घातलं तरी खालच्या आर्मचे बुशवाले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसायला सांगा, लटकत असताना कसले की बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. अलाइनमेंट त्याच दिवशी, नाहीतर टायर एका कडेने खायला लागतो. आधी आणि नंतर माप घ्याल ते चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत घ्या, जमिनीपासून घेतलं तर टायरची हवा मधे येते. आणि पूर्ण सपाट नका करू, मागे अर्धा इंच जास्त राहू द्या, नाहीतर माल भरला की नाक आकाशात.

हेडलाइट खाली करायचे मी विसरलो होतो. दोन रात्री समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता आणि मला वाटत होतं लोकांना गाडी आवडलीय.