कळंगुटचा फ्लॅट: पर्यटकांना द्यावा की वर्षभराच्या भाडेकरूला?

पर्यटकांना रोजच्या दराने दिलेला फ्लॅट डिसेंबरात चांगला कमावतो. जून ते सप्टेंबर मात्र तो बहुतेक रिकामा असतो, आणि बंद खोलीत गाद्यांना, कपाटांना बुरशी धरते. तो खर्च हिशेबात धराच. गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला ऑनलाइन कळवायची. नोंदणीआधी जाहिरात टाकूच नका.

भाडेकरूकडून कमी मिळते, पण दरमहा मिळते. आयकरात, मालकाने भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावटही आहे. करार लेखी हवा, त्यात ठेव आणि वीजमीटरचा आकडा हवा. चावी देण्याआधी पोलीस पडताळणी करा. मालक परगावी असेल, तर हाच पर्याय बरा.