एका दिवसात शांतता हवीय: माथेरान की लोणावळा?

मुंबईहून सकाळी निघायचं, रात्री घरी परत यायचं आणि मधे कानांना जरा आराम, एवढंच हवं असेल तर माझं मत सरळ माथेरानला. पण ते सगळ्यांना झेपेल असं नाही, म्हणून दोन्हीचं सांगते.

माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो. कर्जत लोकलने नेरळ, स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, गाड्या इथपर्यंतच, तिथून पुढे चालत, घोड्यावर, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनहून शटल ट्रेन. घोडेवाले मागे लागतात, पण पाय धड असतील तर चालाच, पाऊण तासाचा रस्ता आहे, मिनी ट्रेनच्या रुळांच्या कडेकडेने, वर झाडांची सावली, पायाखाली लाल माती, आणि थोडं पुढे गेलं की हॉर्न नावाचा प्रकारच नाही, फक्त घोड्यांच्या टापा आणि पाखरं. बाजारात गर्दी असते, शनिवार-रविवारी तर विचारूच नका, तिथे न रेंगाळता शार्लोट लेकवरून लुईझा पॉइंटकडे सुटायचं किंवा मग वन ट्री हिल. हातात खाऊची पिशवी उघडी धरू नका, माकडं हिसकावतात.

नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन 1907 पासूनची आहे, 21 किलोमीटरचा वळणावळणाचा प्रवास, मस्तच, पण एका दिवसाच्या ट्रिपला नको, निम्मा दिवस गाडीतच जातो. पावसाळ्यात ती बंदही असते.

लोणावळा जायला सोपं. एक्सप्रेस गाड्या भरपूर, एक्सप्रेसवे आहे, कार थेट दारापर्यंत. घरातल्या कुणाचे गुडघे दुखत असतील तर हेच बरं, कारण माथेरानला शटलने बाजारापर्यंत पोचलात तरी पुढचे पॉइंट बहुतेक पायीच. पण पावसाळ्यातल्या रविवारी भुशी डॅमच्या रस्त्यावर शांतता शोधायला जाऊ नका प्लीज, गाडीत बसूनच दिवस संपेल.

लोणावळ्याच्या बाजूलाच जायचं असेल तर मी म्हणेन गावात थांबूच नका, पुणे लोकलने पुढचं स्टेशन मळवली गाठा. तिथून भाजे लेणी चालत जाण्यासारखी आहेत, शेवटी पायऱ्या चढाव्या लागतात. 22 लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी, आणि एका कोपऱ्यात लहानमोठे 14 स्तूप असे दाटीवाटीने उभे आहेत की पाय निघत नाही तिथून. जवळच्याच कार्ला लेण्यांतलं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनेचं दालन, याहून कितीतरी भव्य, छताच्या लाकडी कमानी अजून मूळच्याच आहेत, पण शेजारीच एकवीरा आईचं देऊळ असल्यामुळे तिकडे वर्दळ असते.

पुण्याहून येणाऱ्यांनी तर फार विचारच करू नये, लोकल थेट मळवलीला थांबते. मुंबईकरांनी शक्यतो मंगळवार-बुधवारी सुट्टी टाकून माथेरान करावं, आणि परतीची शेअर टॅक्सी अंधार पडायच्या आत धरावी, उशीर झाला की सीट भरेपर्यंत ताटकळत बसावं लागतं.