जेजुरीचा फोटो कुठल्या सेक्शनला टाकायचा?

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर काढलेला एक फोटो डोळ्यासमोर आणा. भंडाऱ्याचा पिवळाधमक लोट, मधोमध पालखी, वर उंचावलेले हात आणि उजव्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुणा फोटोग्राफरचं कोपर. फोटोग्राफी क्लबच्या स्पर्धेचा फॉर्म उघडला की हा फोटो चार ठिकाणी बसेल असं वाटतं: ओपन कलर, मोनोक्रोम, ट्रॅव्हल आणि फोटोजर्नलिझम. बहुतेक जण विषय बघून सेक्शन ठरवतात. ठरवायला हवं ते त्या कोपरावरून. ते क्रॉप करून जात असेल तर चारही दारं उघडी आहेत. क्लोन करून, म्हणजे फोटोतलाच दुसरा भाग त्यावर चिकटवून, घालवावं लागणार असेल तर ट्रॅव्हल आणि फोटोजर्नलिझम (पीजे) दोन्ही बंद.

आपल्याकडच्या बहुतेक क्लबांचे नियम दोन संस्थांकडून आलेले असतात. एक फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, म्हणजे पीएसए, आणि दुसरी १९५० साली स्थापन झालेला फोटोग्राफी संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फियाप. क्लबची अंतर्गत स्पर्धा असेल तर नियम थोडे सैल असू शकतात, पण पुढे मान्यताप्राप्त सलोनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनात, अ‍ॅक्सेप्टन्स (फोटो निवडला गेल्याची नोंद) मिळवायचे असतील तर सवय पहिल्यापासून याच नियमांची लावलेली बरी.

ओपन कलर आणि मोनो

ओपनमध्ये विषयाचं बंधन नाही आणि एडिटिंगलाही भरपूर मोकळीक. दोन फोटो जोडा, माणूस उचलून बाजूला ठेवा, आकाश बदला. अट एकच: प्रत्येक तुकडा तुम्ही स्वतः काढलेल्या फोटोतला हवा. सॉफ्टवेअरने तयार दिलेलं संध्याकाळचं आकाश चिकटवलंत की ते आकाश तुमचं नाही, आणि फोटो बाद होऊ शकतो. एआयने बनवलेल्या भागांचंही तेच. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एआयचं चित्र पाठवलं, ते जिंकलं आणि त्याने पुरस्कार नाकारला. पुढच्याच वर्षी उलटं झालं. माइल्स अ‍ॅस्ट्रे याने फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो एका स्पर्धेच्या एआय विभागात घातला, तो बक्षिसापर्यंत पोचला आणि मग खरा आहे म्हणून बाद झाला! चुकीच्या सेक्शनला टाकलेल्या फोटोचं यापेक्षा मजेशीर उदाहरण मला माहीत नाही.

मोनोची मेख वेगळी. पूर्ण कृष्णधवल चालतं, आणि संपूर्ण फोटोला एकच छटा दिली, सेपिया म्हणा, तरी तो मोनोच. पण जेजुरीचा फोटो कृष्णधवल करून फक्त भंडारा पिवळा ठेवलात तर नियमाने तो कलर झाला. तसाही भंडाऱ्याचा फोटो मोनोला टाकावा का? पिवळा रंग काढला की उरतो तो करडा धूर. चेहऱ्यांमध्ये आणि प्रकाशात दम असेल तरच.

ट्रॅव्हल की पीजे?

इथे जास्त जण अडखळतात. ट्रॅव्हलमध्ये ठिकाण बोलायला हवं: तिथली माणसं, चालीरीती, वास्तू, जशा आहेत तशा. भंडाऱ्याने माखलेल्या आजोबांचा नुसता चेहरा ट्रॅव्हलला कमी पडतो, कारण क्लोजअपमध्येही आजूबाजूचा परिसर कळायला हवा अशी अट आहे. मागे दीपमाळ किंवा पायऱ्या दिसू द्या. नुसता चेहरा असेल तर ओपनला टाका.

पीजेमध्ये घटना आणि माणूस महत्त्वाचा, आणि तिथे सांगायची गोष्ट फोटोच्या देखणेपणाच्या आधी मोजली जाते. वारीच्या रिंगणात घोडा धावतोय, तो थोडा हललाय, पण मागे वारकऱ्यांचे चेहरे थरारलेत. हा फोटो पीजेला चालून जाईल, ट्रॅव्हलला कदाचित मागे पडेल. मी तरी जेजुरीचा आपला फोटो, पालखी आणि गड दोन्ही नीट दिसत असतील तर, ट्रॅव्हलला टाकेन.

दोन्हींत जुळवून आणलेला प्रसंग चालत नाही. पोरांना पन्नास रुपये देऊन पुन्हा भंडारा उधळायला लावला, फोटो टूरवाल्याने झोपडीत उन्हाच्या तिरिपेत धूर सोडून म्हातारबाबांना बसवलं, हे सगळं बाद. गंमत म्हणजे असे फोटो खूपदा स्वीकारले जातात, कारण ज्युरीला सिद्ध करता येत नाही. पण अनुभवी ज्युरीने तोच म्हातारा, तीच झोपडी, तीच तिरीप आधी बऱ्याचदा पाहिलेली असते.

नेचर आणि वाइल्डलाइफ

सगळ्यात कडक सेक्शन हेच. २०१४ मध्ये पीएसए, फियाप आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी नेचरची एकच व्याख्या जाहीर केली. माणसाची खूण नको, पाळीव प्राणी नको, बागेत लावलेली किंवा संकरित झाडं नकोत. म्हणजे परसातल्या जास्वंदीचा सुरेख मॅक्रो इथे नाही, ओपनला. ताडोब्यात वाघाच्या मागे जिप्सीचं चाक दिसलं तर गेला. पण वाघाच्या गळ्यातला रेडिओ कॉलर चालतो, कारण शास्त्रीय खुणांना सूट आहे. गव्हाणी घुबड जुन्या वाड्याच्या कोनाड्यात बसलंय, तेही चालतं, कारण तो पक्षी माणसाच्या वस्तीशी जुळवून घेतलेला आहे. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो आणि मागे इमारतींची रांग? हा मात्र ज्युरीच्या मर्जीवरचा फोटो. मी नेचरला नाही टाकणार.

वाइल्डलाइफ हा त्यातला आणखी अरुंद भाग. प्राणी किंवा वनस्पती मोकळी आणि आपल्या अधिवासात हवी. नाणेघाटाच्या धुक्याचा लँडस्केप नेचरला जातो, वाइल्डलाइफला नाही. प्राणिसंग्रहालयातला बिबट्या वाइल्डलाइफला कधीच नाही. कासची रानफुलं दोन्हीकडे चालतील. आंबोलीत पावसाळ्यात उडता बेडूक उचलून सोयीच्या पानावर ठेवून काढलेला फोटो नियमातही बसत नाही आणि बेडकाच्याही जिवावर बेततो.

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत हे दोनदा गाजलं. कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा २००९ चा विजेता फोटो, लांडगा माणसाळलेला असावा या निष्कर्षावरून, जानेवारी २०१० मध्ये बाद झाला. २०१८ मध्ये वारुळाशी आलेल्या मुंगीखाऊचा फोटो काढून टाकला गेला, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असावा असं तज्ज्ञांचं मत पडलं.

नेचरच्या एडिटिंगमध्ये क्रॉप, धूळ आणि नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) काढणं, एक्स्पोजर सारखं करणं, फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून सगळं स्पष्ट करणं), पूर्ण कृष्णधवल करणं इतकं चालतं. फांदी पुसणं चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पीएसएच्या नियमांत मुद्दाम दिलेली व्हिन्येट आणि नको तो भाग काळा किंवा धूसर करून लपवणं हेही निषिद्ध आहे. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कडा काळ्या करायचा स्लायडर हातच्या सवयीने ओढला जातो, तिथेच घात होतो.

शेवटी थोडं फॉर्मविषयी. एकाच स्पर्धेत तोच फोटो दोन सेक्शनना टाकता येत नाही, आणि त्याची रंगीत व मोनो आवृत्ती हे दोन फोटो धरले जात नाहीत, एकच धरला जातो. एकदा दिलेलं शीर्षकही पुढे बदलता येत नाही, तेव्हा ‘येळकोट’ लिहायचं की ‘सोमवती पालखी, जेजुरी’ हे पहिल्याच वेळी ठरवा. नेचरला तर प्रजातीचं नावच द्या, काव्य नको. आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, डिलीट करू नका, निकालाआधी ती मागवली जाऊ शकते.