चारपाचशेचा खिशातला काटा: चारमिनार रुपयाला चालतो, शिवराईला नाही

जुनं नाणं अस्सल की नकली हे घरीच तपासायला मोबाईलएवढा, झाकणाचा, बारीक पेन्सिल सेलवर चालणारा डिजिटल काटा ऑनलाइन चारपाचशे रुपयांत येतो. डब्यावर नाव कुठलंही असो, बघायचं ते एवढंच: क्षमता २०० ग्रॅम आणि बारकाई ०.०१ ग्रॅम. ०.१ चा काटा मसाला मोजायला ठीक, नाण्यांना बिनकामाचा.

आणल्या आणल्या तो खरा बोलतो का ते पाहा. २०११ ते २०१८ मधली पाच रुपयांची दहा नाणी ठेवा, ६० ग्रॅम भरली पाहिजेत. २०१९ पासूनचं थोरलं पाच रुपयाचं नाणं ६.७४ ग्रॅमचं असतं, ते यात मिसळू नका. फरक आला तर १०० ग्रॅमचं वजन ठेवून काटा जुळवावा लागतो. ते वजन डब्यात बहुधा नसतंच, हा पहिला उणा गुण. वर पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचतो. पंखा बंद, फरशी सपाट, मगच वजन.

मराठवाड्यातल्या जुन्या पेट्यांतून निघतो तो हाली सिक्का, म्हणजे निजामाचा चारमिनार रुपया, आणि माळेगावच्या यात्रेसारख्या ठिकाणी नकली माल खपवायलाही तोच सोपा. शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या नाण्यावर चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे उर्दू अक्षर असतं. १३३० ते १३३९ हिजरीचा अस्सल रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८१.८ टक्के. झिजलेला ११ ग्रॅमपर्यंत उतरतो, पण ११.३ भरला तर हात आखडता घ्या: झिजून नाणं जड होत नाही. कडी लावून माळेत ओवलेल्या नाण्याचं वजन मात्र धरू नका, कडी जोडायला वितळवून लावलेला डाक सगळा हिशेब बिघडवतो.

नुसतं वजन नकली करणाऱ्यालाही जमतं, जर्मन सिल्वरचं (तांबं, जस्त, निकेलचं चांदीसारखं दिसणारं मिश्रण) नाणं जरा जाड केलं की झालं. या काट्याची खरी किंमत वसूल होते पाण्यात. प्लॅस्टिकचा हलका पेला अर्धा भरून काट्यावर ठेवा आणि शून्य करा. नाणं शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं हातात धरा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. आलेल्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा, येते ती घनता. चारमिनार रुपयाला आकडा १.१० च्या आसपास येतो, घनता १०.२ च्या जवळ. जर्मन सिल्वर १.२८ दाखवेल, म्हणजे ८.७.

इथे दोन गोष्टी फसवतात. मिनारांच्या उठावात हवेचे बुडबुडे अडकले तर आकडा वाढतो आणि चांगलं नाणं खोटं ठरतं. नाणं आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या. दुसरं, काटा आपोआप बंद होतो. दोरा हातात धरून आपण अजून स्थिरावतोय आणि पडदा काळा! ही सोय बंद करता येत नाही, याचा राग येतोच.

राजाछाप, म्हणजे इंग्रज राजाचा चेहरा असलेल्या रुपयात वर्ष आधी वाचा. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, घनता ९.५ येते, तो नकली नव्हे. १९४७ चा रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटलाच पाहिजे. उलट चांदीचा म्हणून दिलेला रुपया चिकटला तर तिथून उठा. न चिकटण्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळही चिकटत नाही.

निजामाच्या दोन आण्याच्या चांदीच्या नाण्यापाशी काटा हात टेकतो. वजन १.४ ग्रॅम, पाण्यातला आकडा ०.१४ च्या आसपास, आणि ०.०१ इकडेतिकडे झालं की घनता १० वरून ९.३ किंवा १०.८ वर उडी मारते. त्याला ०.००१ चा काटा हवा, नाहीतर सराफाकडे जा.

शिवराई, म्हणजे मराठेशाहीतला तांब्याचा पैसा, आणि पैठणकडच्या सातवाहनांच्या तांब्याच्या नाण्यांना हा काटा जवळजवळ निरुपयोगी. ती मुळातच कमीजास्त वजनाची, तांबं नकलीतही तांबंच. तिथे दहापट भिंग घ्या: साच्यात ओतलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकासारखी बारीक भोकं दिसतात, कडेला जोडाची रेघ किंवा कानशीने ती घासल्याच्या खुणा. १९३८ च्या रुपयातला ८ कोरून केलेला दुर्मीळ ‘१९३९’ सुद्धा काट्यावर बिनचूक ११.६६ भरतो, पाण्यातही पास होतो; तो सापडला तर भिंगाखाली, शेवटच्या ९ च्या पोटाशी.