मेझे की अदाना कबाब?

घरचीच माणसं चालवतात अशा तुर्की हॉटेलात दोघंच गेलात की हा पेच पडतोच. मेझे म्हणजे लहान लहान ताटल्या: काबुली चणे वाटून केलेलं हुमुस, घट्ट दह्यात लसूण घातलेली हैदारी, भाजलेलं वांगं. पावाचा तुकडा मोडायचा, ताटली पुसून खायची, गप्पा मारायच्या. घाई कसलीच नाही.

अदाना कबाबला मात्र थांबणं माहीत नाही. मेंढीचं मांस शेपटीच्या चरबीसकट सुऱ्याने बारीक करून, लाल मिरची घालून रुंद सळईवर थापलेलं. निखाऱ्यावरून उतरलं की लगेच खावं, सुमाक म्हणजे आंबटसर लाल पूड लावलेल्या कांद्यासोबत. गार झालं की चरबी थिजते. तिखट सोसत नसेल तर उर्फा मागवा, म्हणजे असाच पण कमी तिखट कबाब.

माझं मत मेझेलाच. त्या घरच्या हाताची चव तिथेच कळते.