मुळा, भेंडी, कांडवेल: गायीच्या गर्भाशयासाठी नऊ महिने वापरल्यानंतर

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ पशुपालकांना जे वनौषधी उपचार शिकवते (मूळ मांडणी प्रा. एन. पुण्यमूर्ती यांची), त्यातले दोन जूनपासून फेब्रुवारीपर्यंत संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायींवर वापरले. एक जार (व्याल्यावर पडणारी वार) अडकण्यावरचा, दुसरा वारंवार उलटण्यावरचा, म्हणजे रेतन करूनही गाभ न राहता गाय पुन्हा माजावर येते त्यावरचा. पहिला गोठ्यात कायमचा राहील. दुसरा गाय बघून.

जाराचा उपचार घड्याळावर चालतो. गाय व्याल्यापासून २ तासांच्या आत एक अख्खा पांढरा मुळा. ८ तासांत जार पडला नाही तर दीड किलो भेंडी, प्रत्येकीचे दोन तुकडे करून, गूळ-मीठ लावून खाऊ घालायची. १२ तासांनंतरही लोंबत असेल तर निरणाजवळ (योनीच्या तोंडाशी) गाठ मारायची आणि गाठीखाली २ इंचांवर कापायचा. गाठ हळूहळू आत सरकते. पुढे चार आठवडे, आठवड्याला एक मुळा.

गाठ मारण्याचं कारण साधं आहे. लोंबता जार शेणामुतात लोळतो आणि ती घाण वर चढते. जाराला चप्पल किंवा वीट बांधणं, हात घालून ओढणं, यात आतलं अस्तर फाटतं आणि पू तिथूनच सुरू होतो. खरं सांगायचं तर गुण मुळ्या-भेंडीचा किती आणि जार न ओढल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. आमच्या मते ओढणं थांबवल्याचा वाटा मोठा.

उलटणाऱ्या गायीचा क्रम माजाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतो: ५ दिवस रोज एक मुळा, मग ४ दिवस कोरफडीचं एकेक पान, ४ दिवस शेवग्याचा पाला, ४ दिवस कांडवेल, शेवटचे ४ दिवस कढीपत्ता आणि हळद. पाला आणि कांडवेल रोज चार मुठी. सगळं ताजं, गूळ-मीठ लावून, दिवसातून एकदा. बेरीज २१ दिवस, म्हणजे पुढच्या माजापर्यंत बरोबर पोचते. सोटात (माजावर गाय टाकते त्या चिकट स्रावात) पू असेल तर सुरुवातीच्या माजाला रेतन करू नये, ती वीर्याची कांडी वायाच जाते.

कोरफडीला बहुतेक गायी तोंड फिरवतात, गूळ वाढवावा लागतो. पानातला पिवळा चीक निथळू दिला नाही तर शेण पातळ होतं. कांडवेल कोवळी घ्या. जून कांड्यांनी घसा खाजतो, आणि ठेचणाऱ्याचे हातही.

गुण आला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. निरोगी सोट अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ, तार धरणारा असतो. पण गर्भाशयाचा थोडा दाह नुसत्या नजरेला दिसत नाही. त्यासाठी परीक्षानळीत १ मिली सोट आणि ५ टक्के कॉस्टिक सोड्याचं १ मिली द्रावण घालून उकळी येईपर्यंत तापवायचं, मग गार होऊ द्यायचं. पिवळा रंग आला तर दाह आहे; जितका गडद, तितका जास्त. नळीचं तोंड स्वतःकडे धरू नका, उकळता सोडा उडतो. ही चाचणी उपचाराआधीच्या आणि नंतरच्या माजाला केली की खरं चित्र कळतं. कळलं तरी एक शंका उरतेच, कारण सौम्य दाह एखाद-दोन माजांत आपोआपही निवळतो.

काही गायी उलटतात त्या दाहामुळे नाहीच. रेतनाची वेळ चुकलेली असते, नाहीतर खनिज मिश्रण बंद असतं. तिथे पाला घालून काही होत नाही.

आणि ताप असेल तर या उपचारांच्या भरवशावर राहू नका. व्याल्यावर पहिले दहा दिवस रोज सकाळी गुदद्वारात थर्मामीटर लावा. १०३ फॅरेनहाइटच्या वर ताप, पाण्यासारखा तांबूस सडका स्राव, वैरण सोडलेली, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर आणि गरज असेल तर प्रतिजैविकच. त्या औषधाचा दूध न घालण्याचा काळ पूर्ण पाळावा. सातव्या-आठव्या महिन्यात गाभडून जार अडकला असेल तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका. ब्रुसेल्ला (गाभडवणारा संसर्गजन्य रोग) असू शकतो, तो माणसालाही होतो. आधी रक्त तपासून घ्या.

कांडवेल, कोरफड आणि शेवगा कुंपणाला लावून ठेवले की पुन्हा विकत आणावे लागत नाहीत. अडचण मुळ्याची. गाय रात्री दोनला व्याली तर दोन तासांत मुळा कुठून आणणार? व्यायची तारीख जवळ आली की दोन मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळून गोठ्यात ठेवायचे.