इसबगोल, चार महिने: पाचपैकी चार गुण

मी गणित शिकवते, त्यामुळे सवयीने आधी गुण सांगून टाकते. पाचपैकी चार. एक गुण कापलाय तो डब्याचा, आतल्या मालाचा नाही. ते ओघात येईलच.

वस्तू साधी आहे. इसबगोलच्या बियांवरची साल. साखर नाही, स्वाद नाही, रंग नाही. पेन्सिलला टोक काढल्यावर खाली जो चुरा पडतो तसा दिसतो, फक्त पांढरट, मध्येमध्ये तांबूस ठिपके. वजन म्हणाल तर काहीच नाही. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा एवढा मोठा डबा हातात इतका हलका कसा, म्हणून लेबलावरचं वजन दोनदा वाचलं.

आता मला तो का लागला ते. बद्धकोष्ठ. लाजण्याचं वय गेलं, एकोणपन्नास पूर्ण झाली. बावीस वर्षं शाळेत आहे. पहिली घंटा सात दहाला. शिक्षिकांसाठी एकच स्वच्छतागृह, तेही व्हरांड्याच्या पार टोकाला, आणि त्याची कडी नीट लागत नाही. अशा नोकरीत दोन कला आपोआप अंगी येतात. एक, पाणी न पिणे. दोन, शौचाची कळ दाबणे. मधल्या सुट्टीत कळ यायची, तेवढ्यात कोणाचं तरी भांडण सोडवायचं असायचं, आणि मग ती कळ निघून जायची. मला वाटायचं, बरं झालं गेली. ती कुठे गेली याचा विचार कधी केला नाही.

ती जाते कुठे हे डॉक्टरांनी सांगितलं. पोटात जे पडून राहतं त्यातलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं, कारण त्याचं कामच ते. खाणं-पिणं आणि पोटात सुटणारे रस मिळून दिवसाला सुमारे 9 लिटर द्रव लहान आतड्यात येतो. बहुतेक सगळा तिथेच शोषला जातो, मोठ्या आतड्यापर्यंत एक ते दीड लिटर पोचतो आणि शेवटी मळाबरोबर बाहेर पडतं 100 ते 200 मिलिलिटर. इतका काटेकोर हिशेब. त्यात मळाला एक दिवस जास्त मुक्काम घडवला की तो आणखी कोरडा होतो, दोन दिवस घडवला की खडा. शिवाय वारंवार दाबत राहिलं की गुदाशय ताणाला सरावतं आणि थोड्याथोडक्यासाठी कळच देत नाही. बावीस वर्षं मी स्वतःच्या आतड्याला हात वर करू नकोस, गप्प बस असं सांगत आले होते, आणि ते गप्प बसायला शिकलं होतं.

वर डॉक्टरांकडे जायच्या दोन महिने आधी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्यांनी उरलीसुरली कसर भरून काढली.

डॉक्टरांनी आधी तीन प्रश्न विचारले. रक्त जातं का, वजन विनाकारण उतरलंय का, आणि ही तक्रार अचानक नवी आहे की जुनीच वाढली आहे. एकदा लाल दिसलं होतं खरं, त्या रात्री मी झोपलेही नव्हते. पण आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं, आणि नंतर पुन्हा कधी दिसलं नाही. काळपट रंग लोहाच्या गोळ्यांचा. तरी तपासणी करूनच त्यांनी तो विषय मिटवला, ते मला आवडलं. मग म्हणाले, रोज एकदा झालंच पाहिजे असा काही नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या पट्ट्यात माणसं निरोगी असतात. किती वेळा यापेक्षा कसा होतो आणि कुंथावं लागतं का, हे बघा. त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. ब्रिस्टलचा तक्ता म्हणतात त्याला, 1997 साली प्रसिद्ध झालेला, मळाचे सात प्रकार. 1 म्हणजे सुटे कडक खडे, 7 म्हणजे निव्वळ पाणी. 3 आणि 4 झाले की पास.

म्हणजे गुणपत्रिका! घरी येऊन मी जुन्या हजेरीपटाची मागची कोरी पानं काढली आणि रोजची नोंद सुरू केली. पहिला आठवडा असा: अ, 1, अ, अ, 1, अ, 2. ‘अ’ म्हणजे गैरहजर.

इसबगोलची सुरुवात मात्र मी भलतीच केली. उतावीळपणा, दुसरं काय. दोन शिगोशीग मोठे चमचे, अर्धा कप पाणी, कसंबसं गिळलं आणि लगेच आडवी झाले. दुसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं गच्च. तिसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर हात उंच करून लिहितानाही ओढ बसत होती. नोंद: अ, अ, अ. मी डब्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

चूक कुठे झाली ते एका ग्लासाने शिकवलं. चौथ्या रात्री चमचाभर साल थोड्या पाण्यात घातली आणि तेवढ्यात फोन आला. बोलून परत आले तर ग्लासात लगदा. नाइलाजाने तसाच ठेवून झोपले. सकाळी चमचा आत ताठ उभा! ग्लास उलटा केला, थेंब सांडला नाही. हलवला तर सगळा गोळा एकसंध थरथरला, बोटाला गार आणि बुळबुळीत लागला. मोरीपाशी उभी राहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. हा पदार्थ काहीही ढकलत नाही, आतड्याला चिमटा काढत नाही, रेचकासारखी कळही आणत नाही. तो फक्त पाणी धरतो आणि सोडत नाही. मोठं आतडं जे पाणी ओढून घेणार, ते हा मळाच्या आत दाबून ठेवतो, म्हणून मळ मऊ राहतो. पण धरायला पाणीच दिलं नाही तर? तर आधीच्या खड्यावर मी वरून बूच बसवलं होतं.

मग रीतसर सुरुवात केली. पहिला आठवडा एक सपाट लहान चमचा, पुढे दोन, मग सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. प्रत्येक वेळी 250 मिलिलिटरचा पूर्ण ग्लास, ढवळल्याढवळल्या उभ्याने पिऊन टाकायचा, मागून आणखी एक ग्लास साधं पाणी. झोपायच्या तोंडावर घ्यायचं नाही. लोहाची गोळी दोन तास लांब ठेवायची, नाहीतर ती या गोळ्यात अडकते. चव नाहीच. तोंडात ओल्या कागदाचा भास होतो, पण अर्ध्या मिनिटात संपतं.

आठव्या दिवशी 3. पुढचा आठवडा: 3, अ, 3, 4, 3, अ, 4. पहिला 4 आला त्या सकाळी मी कुंथले नव्हते, वर्तमानपत्राचं पानही उलटायला वेळ मिळाला नाही. नोंदवहीत त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढलाय.

श्रेय सगळं सालीचं आहे का? नाही, आणि इथे मला हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम चोथा, म्हणजे फायबर, लागतो. माझ्या एका लहान सपाट चमच्यात दोन ग्रॅमही भरत नाही. बाकीचं ताटातून यायला हवं. मी एक दिवस सगळं खाल्लेलं लिहून बेरीज केली तर आकडा 11. त्यात सकाळी चहाबरोबरची बिस्किटं म्हणजे जवळजवळ शून्य. सालीसकट एक मध्यम नासपती 5 ते 6 ग्रॅम देतं, सफरचंद 4 च्या आसपास, शिजवलेल्या अख्ख्या मसुराची एक वाटी भरली तर एकदम 10 च्या पुढे. डाळीने तर लाजवलं मला, कारण गॅस होतो म्हणून मी तीच टाळत होते. डाळी-कडधान्यांतल्या काही शर्करा फोडायला आपल्या लहान आतड्यात पाचकद्रव्यच नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात, आणि त्याचा वायू. भिजवून ते पाणी ओतून दिलं की त्रास कमी होतो, आणि रोज थोडं थोडं वाढवलं की पोट सवय करून घेतं. शिवाय त्या आंबवण्यातूनच जी आम्लं तयार होतात त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. इसबगोल फारसं आंबत नाही. त्यामुळे गॅस कमी, पण जिवाणूंना खाऊही कमीच. भाजी-डाळीला पर्याय म्हणून कोणी डबा आणत असेल तर आणू नये.

दुसरं श्रेय वेळेचं. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, आणि सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर हा झटका सगळ्यात जोरदार असतो. म्हणून गजर वीस मिनिटं आधीचा लावला, उठल्याबरोबर काहीतरी खाल्लं आणि पायाखाली छोटं स्टूल घेऊन निवांत बसले. गुडघे वर आले की मळमार्गाचा खालचा कोन सरळ होतो, मार्ग मोकळा मिळतो. स्टूल घरातलंच, माळ्यावर पोचायला वापरतो ते. त्याला पाचपैकी पाच.

मध्ये दहा दिवस प्रवासात होते, डबा घरीच राहिला. तेव्हा सुक्या आलुबुखारांवर भागवलं, सकाळी चार-पाच, रात्री चार-पाच. खरं सांगू? काम उत्तम झालं. नंतर वाचलं की 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बद्धकोष्ठाच्या 40 जणांना तीन आठवडे आलुबुखार आणि तीन आठवडे इसबगोल दिलं होतं, त्यात आलुबुखारच सरस ठरले. त्यात चोथ्याबरोबर सॉर्बिटॉल असतं, ते पूर्ण पचत नाही आणि आतड्यात पाणी ओढतं. हे कळलं आणि घरातलं एक जुनं कोडं सुटलं. नवऱ्याने सिगारेट सोडल्यापासून तो दिवसभर बिनसाखरेच्या गोळ्या चघळतो, आणि त्याचं पोट कायम 6 वर. दूध सोडलं, तिखट सोडलं, काही फरक नाही. गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. गोड चव सॉर्बिटॉलची! गोळ्या चारवर आणल्या, आणि मधल्या काळात त्यालाही माझ्याच डब्यातली साल दिली. पातळ असलं तरी ती तेच करते, सैल पाणी धरून ठेवते. एकाच डब्याने एकाच घरात बायकोचा आकडा 1 वरून चढवला आणि नवऱ्याचा 6 वरून उतरवला, हे मला अजून गमतीचं वाटतं.

आता कापलेला गुण. डब्यावर पुढे भल्या मोठ्या अक्षरांत ‘विषारी घटक बाहेर टाका’ आणि ‘एका रात्रीत पोट साफ’. विषारी घटकांसाठी यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, त्यांच्या पगारावर हा हक्क सांगतोय. आणि एका रात्रीत काही होत नाही, एक ते तीन दिवस लागतात, माझ्यासारखा घोळ घातला तर आठवडा. जे खरंच मोठ्या अक्षरांत हवं होतं, म्हणजे भरपूर पाण्याशिवाय घेऊ नका, घशात अडकू शकतं, गिळायला त्रास असेल तर नकोच, ते डब्याच्या बुडाशी, शिवणीला लागून, चष्म्याशिवाय वाचता न येणाऱ्या टायपात. मी हे पहिल्या दिवशी वाचलं असतं तर ढोल झाला नसता. शिवाय मापाचा चमचा तळाशी पुरलेला. तो काढायला हात घातला की बारीक धूळ उडते आणि सटासट शिंका येतात. संत्र्याच्या स्वादाची पाकिटंही मिळतात, एका मैत्रिणीने दिली होती. निम्मी साखरच. सरबत म्हणून ठीक.

वार्षिक परीक्षेच्या आठवड्याची नोंद प्रामाणिकपणे देते: 3, अ, अ, 2, अ, 1. साल रोज घेत होते, डाळही होती. पण सलग तीन-तीन तास पर्यवेक्षण, बदली शिक्षक नाही, आणि कळ आली की बावीस वर्षांच्या सवयीने दाबली. याला डबा तरी काय करणार.

नव्या सत्रात मुख्याध्यापकांकडे दोन अर्ज दिले आहेत. एक पर्यवेक्षणात पाच मिनिटांच्या बदलीचा, एक कडीचा. कडी बसली. दुसरा डबा फोडलाय, चमचा आधीच वर काढून ठेवलाय. काल शिक्षक खोलीत शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, किती चमचे घेता हो? मी म्हटलं, ते सांगते, आधी तुमचा ग्लास दाखवा.